ताण चालेल, कळ नको

मागच्या पावसाळ्यात सोयाबीन खुरपता खुरपता माझी कंबर धरली. बसलं की उठवेना. गटातल्या एक ताई म्हणाल्या, "योगाच्या वर्गाला जाऊन बघ." सासूबाई हसल्या, "दिवसभर वाकतेस ते काय कमी आहे?" मलाही ते पटलं होतं. पण विचार करा, खुरपताना आपण तासन्‌तास पुढेच वाकतो. कंबर मागे कधी जातच नाही. ते कष्ट झाले, व्यायाम नव्हे.

तालुक्याच्या गावी एक वर्ग होता, तिथे गेले. सगळ्या तरुण मुली. भराभर बारा सूर्यनमस्कार. दुसऱ्यालाच कंबरेत कळ आली, पण लाजेपायी बोलले नाही. बाराही घातले. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. तीन दिवसांची मजुरी बुडाली. वाटलं, योग आपल्यासाठी नाही.

दिवाळीनंतर पुण्याला नणंदेकडे गेले. ती मला तिच्या वर्गाला घेऊन गेली. तिथे अय्यंगार पद्धतीने शिकवतात. बी. के. एस. अय्यंगार यांनी 1975 साली पुण्यात आपली संस्था उभी केली. ताठर शरीरालाही आसन जमावं म्हणून ते पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, दोर यांचा आधार देत.

तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "वय किती? बीपी आहे का? ऑपरेशन झालंय? पाळी चालू आहे का?" मग मला जमिनीपर्यंत वाकू दिलंच नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून कंबर सरळ लांब करायला लावली. म्हणाल्या, "ताण चालेल, कळ नको." मैत्रिणींनो, एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर ते तीन दिवस वाया गेले नसते.

स्नायू ओढल्यासारखा वाटतो आणि श्वास चालू राहतो, तो ताण. टोचतं, चमक निघते, श्वास अडकतो, ती कळ. कळ आली की थांबायचं. त्यात लाज कसली?

आता गावातच समाजमंदिरात सावकाश चालणाऱ्या वर्गाला जाते. दोर-ठोकळे तिथे नाहीत. मी जुन्या लुगड्याचा पट्टा करते, बसायला घडी घातलेली सतरंजी घेते. सूर्यनमस्कार वाईट नाहीत, हेही तिथेच कळलं. आज मी चार घालते, माझ्या चालीने. कंबर अजून कधीमधी बोलते, पण उठताना भिंत धरावी लागत नाही.

तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. बीपी, काचबिंदू, गरोदरपण, जुनं दुखणं असेल तर शिकवणाऱ्यांना आधी सांगा, डॉक्टरांनाही विचारा. डोकं खाली करायची आसनं आणि जोरजोराने श्वास सोडायचे प्रकार अशा वेळी मनाने करू नका. शिकवणाऱ्या बाई काही न विचारताच सुरू करत असतील, तर आपणच बोला. तरी ऐकलं नाही, तर दुसरा वर्ग बघा. चप्पल पायाला लागली तर आपण चप्पल बदलतो, चालणं सोडत नाही.