जपानचा उदारमतवादी लोकशाही पक्ष : नाव आणि वृत्ती
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मी मराठीचा अध्यापक. राज्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही जपानच्या एका पक्षावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण त्याचे नाव. 'जियू मिन्शुतो'. 'जियू' म्हणजे स्वातंत्र्य, 'मिन्शु' म्हणजे लोकशाही. नाव असे, आणि ओळख मात्र जगभर पुराणमतवादी पक्ष अशी! हा विरोध उलगडला, की पक्षाचा इतिहासही उलगडतो.

१९५५ च्या ऑक्टोबरात दुभंगलेले समाजवादी पुन्हा एकत्र आले. सत्ता त्यांच्या हाती जाईल या धास्तीने उद्योगपतींनी आग्रह धरला आणि १५ नोव्हेंबर रोजी दोन परंपरानिष्ठ पक्ष एकमेकांत विलीन झाले. हे ऐक्य भीतीपोटी जन्मले. म्हणून एका छपराखाली दोन विचार नांदू लागले. योशिदा शिगेरू यांच्या अनुयायांचे म्हणणे असे, की संरक्षणाचा भार अमेरिकेवर टाकून देशाने अर्थकारणाकडे लक्ष द्यावे. हातोयामा इचिरो आणि किशी नोबुसुके यांना वाटे, की परक्या सत्तेच्या छायेत तयार झालेली १९४७ ची राज्यघटना बदलल्यावाचून राष्ट्राचा स्वाभिमान परतणार नाही. घटनादुरुस्ती हे पक्षाचे स्थापनेपासूनचे उद्दिष्ट. परंतु युद्धाचा त्याग करणाऱ्या नवव्या कलमासह त्या घटनेचे एक अक्षरही आजवर बदललेले नाही.

१९६० साली किशींनी अमेरिकेशी सुधारित संरक्षण करार रेटला. लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि किशींना पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या इकेदा हायातो यांनी स्वाभिमानाचा विषय बाजूला ठेवून दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचे वचन दिले. ते मुदतीआधीच पुरे झाले. १९६१ मध्ये आरोग्यविमा सर्वांपर्यंत पोहोचला. १९७० च्या अधिवेशनात प्रदूषणविषयक चौदा कायदे संमत झाले. विरोधकांच्या मागण्या आपल्याशा करून घेणे, हे या पक्षाचे खरे बळ होय.

दुसरे बळ निवडणूक पद्धतीत होते. एका मतदारसंघातून बहुधा तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जात. मतदाराला मात्र मत एकच. साहजिकच एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहत. मग धोरणाचा उपयोग काय? प्रत्येकाला गटनेत्याचा पैसा हवा आणि गावोगावी स्वतःच्या पाठीराख्यांचे मंडळ हवे. रस्ता, पूल, तांदळाचा भाव यांच्या बदल्यात मते, असा व्यवहार रुजला. तानाका काकुएई यांनी तो कळसास नेला. १९७६ साली लॉकहीड विमान प्रकरणात या माजी पंतप्रधानांना अटक झाली.

१९९३ मध्ये पक्ष फुटला आणि अडतीस वर्षांनी सत्ता गेली. परंतु पुढल्याच वर्षी जन्मवैरी समाजवाद्यांचा पंतप्रधान पत्करून तो सत्तेत परतला! २००९ ते २०१२ ही तीन वर्षे पुन्हा विरोधात गेली. २०२३ मध्ये गटांच्या छुप्या निधीचे प्रकरण बाहेर आले, बहुतेक गट विसर्जित करावे लागले आणि २०२४ च्या निवडणुकीत मित्रपक्ष धरूनही बहुमत हुकले. २०२५ साली ताकाइची सानाए यांच्या रूपाने याच परंपरानिष्ठ पक्षाने जपानला पहिली महिला पंतप्रधान दिली.

मग या पक्षाचा विचार कोणता? माझ्या अल्पमतीप्रमाणे, बदल स्वीकारावा, पण तो आपल्या हातून व्हावा, ही त्याची वृत्ती. तिने जपानला स्थैर्य आणि समृद्धी दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याची किंमतही मोठी. वाद पक्षाच्या बैठकीतच मिटू लागला, की संसदेत उरते ती औपचारिकता. आणि विरोधकांना राज्यकारभाराचा सराव न मिळाल्याने मतदाराला दुसरा विश्वासू पर्याय सापडत नाही. अशा वेळी मिळालेले मत प्रीतीचे की निरुपायाचे, हे विजेत्यालाही कळत नाही.

आपली संस्था शंभर वर्षांची झाली. दीर्घायुष्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु आपण टिकलो ते लोकांना हवे आहोत म्हणून, की दुसरे काही नाही म्हणून, हा प्रश्न प्रत्येक जुन्या संस्थेने अधूनमधून स्वतःला विचारावा, एवढेच नम्रपणे सुचवितो.