सचिवताईंचा आठवडा: आधी ठरवू, मग धावू

जिंतूर-सेलूपासून पालम-पूर्णेपर्यंत, आपल्या परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत बचत गटाचं काम ओढणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना आमचा रामराम.

आम्ही एका गावच्या ग्रामसंघाच्या पदाधिकारी. आमच्यात कुणी अध्यक्ष, कुणी सचिव, कुणी कोषाध्यक्ष, तर एकजण सीआरपी आहे. आज बोलायचं आहे ते येणाऱ्या आठवड्याची कामं आधीच कशी लावायची याबद्दल. मॅनेजर म्हटलं की आपल्याला कंपनीतला साहेब आठवतो. पण गटाची सचिव तरी दुसरं काय करते? दहा-बारा घरांचा पैसा सांभाळायचा, बैठक घ्यायची, इतिवृत्त लिहायचं, बँकेचा हप्ता बघायचा, आणि वर घर, शेत, जनावरं, लेकरं आहेतच. तिला केबिन नाही आणि हाताखाली शिपाई नाही, म्हणून तर तिला नियोजन जास्त लागतं.

नियोजन म्हणजे अजून जास्त काम करणं, असं कुणी समजू नका. आपण आधीच पुष्कळ करतो. कोणतं काम कोणत्या दिवशी, कोण करणार आणि कोणतं या आठवड्यात करायचंच नाही, हे आधी ठरवणं म्हणजे नियोजन.

आम्ही रविवारी जेवणं झाली की अर्धा तास बसतो. एक शंभर पानी वही, सात दिवसांचे सात रकाने. ज्यांना लिहिता येत नाही त्या बोलतात, दुसरी लिहिते.

सगळ्यात आधी आपल्या हातात नसलेली कामं लिहायची. गटाची बैठक ठरल्या दिवशीच झाली पाहिजे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्रं आपल्याला पाठ आहेत. त्यातलं पहिलंच सूत्र वाराशी बांधलेलं आहे. मग बँक. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, हे २०१५ पासून चालू आहे, तरी त्या दिवशी तालुक्याला जाऊन हात हलवत परत येणाऱ्या बाया आजही दिसतात. पैसे काढायचे असतील तर आणखी एक गोष्ट बघायची. बहुतेक गटांच्या खात्याला दोघींच्या सह्या लागतात, म्हणून दोघीही मोकळ्या असतील असाच दिवस धरायचा. एकीची तूर खुडायची असेल आणि दुसरी माहेरी असेल, तर बँकेत जाऊन उपयोग नाही. हप्त्याची तारीख तर लाल पेनानं लिहायची. हप्ता वेळेवर गेला तर व्याजाची सवलत पदरात पडते. थकला तर पुढचं कर्ज अडतं, आणि अडतं ते एकीचं नाही, साऱ्या गटाचं.

त्यानंतर आठवडी बाजार, अंगणवाडीतला लसीकरणाचा दिवस, घरचं लग्नकार्य, सण. आणि शेतीची लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, तेही लिहायचं. रात्री पाणी द्यायला घरातलं माणूस शेतात गेलं, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ आपल्यावर पडते. ते आधी माहीत असेल तर त्या सकाळी बँक ठेवायची नाही.

आता शेतीची कामं. इथं आपल्याकडे एक चांगली सोय आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा अंदाज आणि शेतीचा सल्ला निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, ऊन, वारा सांगितलेला असतो. शुक्रवारच्या पत्रकावरून आपल्याला साधारण बुधवारपर्यंतचं कळतं. म्हणून आम्ही शेतातली कामं बुधवारपर्यंत पेनानं लिहितो आणि त्यापुढची पेन्सिलीनं. मंगळवारचा नवा अंदाज आला की पेन्सिलीचं पक्कं करायचं, नाहीतर खोडायचं. कापूस फुटलेला असताना पाऊस सांगितला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वेचणी. भिजलेल्या कापसाला भाव कसा मिळतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं?

एवढं लिहून झालं की उरलेल्या कामांचे तीन ढीग करायचे. पहिला ढीग: जे माझ्याशिवाय होणारच नाही. दुसरा: जे दुसरी कुणीही करू शकते. तिसरा: जे पुढच्या आठवड्यात गेलं तरी कुणाचं बिघडत नाही. करून बघा, पहिला ढीग वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. सही माझीच लागते, पण पासबुक भरून आणायला कुणीही जाऊ शकते. बैठकीचा निरोप द्यायला गल्लीतली कोणतीही ताई चालते. बचतीचे पैसे मोजताना एक सून शेजारी बसवली, तर वर्षभरात ती हिशेबाला तयार होते.

काम वाटून देणं आपल्या बायांना जड जातं. "सांगत बसण्यापेक्षा मीच करते" असं आपण म्हणतो. पण सगळं एकीच्याच डोक्यात राहिलं आणि ती आजारी पडली, बाळंतपणाला गेली किंवा ऊसतोडीला बाहेर पडली, तर गटाचं कुलूप उघडणार कोण? गंगाखेडच्या जनाबाईच्या दळणाला खुद्द विठ्ठल आला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या रजिस्टरला तो येईल, असं धरून चालता येत नाही. आपल्याला शेजारणीलाच हाक मारावी लागते. शेतात सावड करतोच ना आपण? आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. तशीच सावड गटाच्या कामातही करायची. तू माझ्याऐवजी प्रभागसंघाच्या बैठकीला जा, तुझ्या कापसाच्या दोन पाट्या मी वेचते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आठवडा लिहून झाला की प्रत्येक कामापुढं विचारायचं: मी तिकडं गेले तर घरचं कोण बघणार? पुष्कळ वेळा उत्तर येतं, थोरली पोरगी. आईचा बँकेचा दिवस म्हणजे पोरीच्या शाळेची सुट्टी. धाकट्याला सांभाळायचं, भाकरी टाकायच्या, शेळ्या सोडायच्या. असं महिन्यातून चार वेळा झालं तर वर्षाला किती दिवस झाले, तुम्हीच मोजा. आपण गट काढला तो लेकींना आपल्यासारखं राहावं लागू नये म्हणून. ज्या नियोजनात पोरीची शाळा बुडते, ते नियोजन पुन्हा करायचं. धाकट्याला अंगणवाडीत, शेळ्या शेजारणीच्या शेळ्यांबरोबर, आणि भाकरी? त्या दिवशी घरच्या गड्यानं कालवण गरम करून खाल्लं, तर आभाळ कोसळत नाही. मात्र हे त्याला सकाळी निघताना सांगायचं नाही, रविवारीच सांगायचं. आधी कळलं की कुरकुर कमी होते, हा आमचा अनुभव आहे.

शेवटची गोष्ट, एक अर्धा दिवस मोकळा ठेवायचा. आम्ही गुरुवारची दुपार ठेवतो. कारण तालुक्यावरून फोन येतोच, "उद्या अकराला या." आला तर दोन प्रश्न विचारायचे: किती वाजता संपेल, आणि माझ्याऐवजी दुसरी आली तर चालेल का? विचारण्यात उद्धटपणा नाही. फोन आलाच नाही, तर ती दुपार आपली. पाठ टेका, डोक्याला तेल लावा. तो वेळही वहीत लिहा, नाहीतर तो कुणीतरी घेतं.

शनिवारी रात्री वही उघडून झालेल्या कामांवर बरोबरची खूण करायची. राहिलेलं काम पुढच्या आठवड्यात लिहायचं. तेच काम सलग तीन आठवडे राहत असेल, तर ते दुसरीकडं द्यायचं, नाहीतर काढून टाकायचं.

तर बायांनो, येत्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं थांबा. एक वही काढा आणि आपल्या सचिवताईला विचारा, "तुझ्या आठवड्यातलं कोणतं काम आम्ही घेऊ?" मग जी जे काम घेईल, तिच्या नावासह ते तिथंच लिहून टाका.

रामराम.