जमीन विकण्यापूर्वीचा विचार

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी सनदी लेखापाल नव्हे, पत्रकार आहे. तरीही हा विषय घेतला, कारण शहरांच्या वेशीवरची गावे शहरात विरून जाताना मी जवळून पाहिली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका सकाळी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात परक्याची होते. पुढे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची वेळ येते, तेव्हा आलेला पैसा बंगल्यात आणि मोटारीत गेलेला असतो. मग सल्लागार तरी काय करणार? कराचा विचार विवरणपत्राच्या वेळी नव्हे, साठेखतापूर्वी करावा लागतो. मला आज एवढेच सांगायचे आहे.

पहिला प्रश्न, कर लागतो का? ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. मात्र ‘ग्रामीण’ कोणती, हे कायदा ठरवतो. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असेल, तर तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटर. दहा लाखांपर्यंत सहा आणि त्याहून अधिक असेल, तर आठ किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण राहत नाही. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. सातबारावर ऊस असला, तरी कर लागू शकतो.

दुसरा प्रश्न, किती लागतो? समजा, वडिलांनी १९९० साली घेतलेली जमीन २०१५ साली त्यांच्या पश्चात दोन मुलगे व एक मुलगी यांच्याकडे आली. १ एप्रिल २००१ रोजीचे तिचे मूल्य पाच लाख होते आणि २०२५-२६ मध्ये ती ८० लाखांना विकली. नफा ७५ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर होतो ९ लाख ३७ हजार ५०० रुपये. जमीन २३ जुलै २०२४ पूर्वीची असल्याने महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा हिशेबही करून पाहता येतो; तो येतो १२ लाख २४ हजार. म्हणून दोन्ही गणिते मांडावीत आणि कमी असेल ते घ्यावे. अधिभार व उपकर वेगळे.

आता मुख्य मुद्दा. विक्रीनंतर सहा महिन्यांच्या आत, सरकारने निर्दिष्ट केलेल्या रोख्यांत पाच वर्षांसाठी ५० लाखांपर्यंत नफा गुंतवला, तर तेवढ्यावर कर नाही. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेऊन सारे एकाच भावाच्या नावे केले, तर ५० लाख वगळून उरलेल्या २५ लाखांवर ३ लाख १२ हजार ५०० रुपये द्यावेच लागतात. तिघांची नावे ठेवली, तर प्रत्येकाचा नफा २५ लाख. प्रत्येकाने तो रोख्यांत ठेवला, तर कर शून्य! बहिणीचा वाटा नाकारणे हा अन्याय तर आहेच, पण इथे तो तोट्याचाही व्यवहार ठरतो.

ज्याला शेतीच करायची आहे, त्याने कसत असलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यासही सवलत आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ती मिळाली नाही, तर रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी. ही एक पायरी चुकली, की सवलत हातची जाते.

शेवटी, ‘थोडे चेकने, थोडे रोखीने’ या मोहाविषयी. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय कागदावरची किंमत सरकारी मूल्यांकनापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर कर सरकारी मूल्यावर लागतो. ते रोखीचे पैसे ना रोख्यांत ठेवता येतात, ना त्यांतून उघडपणे दुसरी जमीन घेता येते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची अशी रोकड दोन वर्षांत लग्नकार्यात आणि उसनवारीत संपली. आज त्यांच्याकडे जमीनही नाही आणि हिशेबही नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी ही चौकट कायम आहे. तेव्हा इसार घेण्यापूर्वी जाणत्या सल्लागाराकडे जा. आणि त्याआधी घरातल्या सर्वांना, बहिणींनाही, एकत्र बसवा. जमीन एकदाच विकली जाते.