कोल्हापूरचा वाइल्डर

कोल्हापुरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च अनेकांना माहीत आहे. हा वाइल्डर म्हणजे मिशनरी रॉयल वाइल्डर. अमेरिकेतून तो आधी अहमदनगरला आला आणि 1852 मध्ये संस्थानी कोल्हापुरात. इथे त्यानं शाळा काढल्या, मराठीतून प्रवचनं दिली. पुढे ज्या मंडळानं पाठवलं होतं त्याच्याशीच त्याचं बिनसलं, तरी गडी अमेरिकेहून परत आला आणि स्वतःच्या हिमतीवर काम चालवू लागला. 1870 मध्ये हे काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळींकडे गेलं. मिरजेत डॉक्टर वॉन्लेस यांनी उभारलेलं मिशन हॉस्पिटल त्याच मंडळींचं होतं.

पण मला अधिक रस आहे तो उलट, कोल्हापूरहून अमेरिकेकडच्या प्रवासात. रॉयलचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. तिथे परदेशी धर्मकार्याला जायला शंभर तरुण तयार झाले आणि त्यांना तयार करण्यात आपला हा कोल्हापुरी रॉबर्ट आघाडीवर! त्यातूनच स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली. अमेरिकेतल्या कॉलेजांतून हजारो तरुण मग जगभर गेले. अमेरिकेतली चर्चं आपल्याकडे माणसं पाठवत होती हे सगळेच सांगतात. कोल्हापूरनं त्यांना माणूस दिला, हे फारसं कुणी सांगत नाही.

पुढे अमेरिकेतल्या धर्मप्रचाराचं साधन बदललं: माणसांच्या जोडीला रेडिओ आला. 2 जानेवारी 1921 रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं कॅल्व्हरी चर्चमधली उपासना थेट ऐकवली. अमेरिकेत रेडिओवरून प्रक्षेपित झालेली ती पहिली उपासना मानली जाते.