सोरायसिस : कातडीखाली काय घडते?



बारावीत शिकणारा एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. कोपरांवर, गुडघ्यांवर लालसर चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे. वसतिगृहातल्या मुलांनी त्याचे ताट वेगळे ठेवले होते, आणि ती मुले आपल्याच समाजाची होती. ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई, त्यांनी कुणाचे ताट वेगळे ठेवावे, हे मला फार लागले. म्हणून आज हा विषय घेतला.

सोरायसिस स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्यानेही होत नाही. मग होतो कशाने?

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत केंद्रक गमावून चपट्या होतात आणि नकळत गळून पडतात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तो ३ ते ७ दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी वरच्या थरातही केंद्रक दिसते. अशा पेशी नीट सुटत नाहीत, एकावर एक साचतात. तेच पापुद्रे.

पुष्कळ वर्षे दोष कातडीच्याच पेशींचा मानला जाई. १९७९ साली सायक्लोस्पोरिन हे औषध दिलेल्या काही सांधेदुखीच्या रुग्णांचे चट्टे निवळलेले दिसले. हे औषध टी-पेशींना आवरते. तेव्हा लक्ष तिकडे वळले. डेन्ड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-२३ सोडून टी-पेशींना चिथावतात. टी-पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडतात. त्या संदेशाने कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि उलट आणखी रक्षक पेशींना बोलावतात. शत्रू कुणीच नाही, तरी लढाई चालू! आजची नवी इंजेक्शने हेच संदेश अडवतात. ती महाग आहेत, हे दुर्दैव.

आपण प्रतीत्यसमुत्पाद ऐकतो. इथेही एकच एक कारण नाही. अनुवंश असतो, पण जनुक असूनही अनेकांना रोग कधीच होत नाही. घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग, जखम, लिथियमसारखे औषध, मनावरचा ताण, असे काहीतरी निमित्त घडते. मागल्या जन्मीचे पाप यात कुठेच नाही.

शेवटी दोन सूचना. स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्या एकदम थांबवल्या तर रोग सर्वांगावर उसळू शकतो. आणि सकाळी सांधे आखडत असतील तर ते डॉक्टरांना सांगा, कारण याच रोगात सांधेही बिघडतात.