परत पाठविलेला आपला माणूस

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा, वयोवृद्धांचा गौरव व्हावा, वधूवरसूचक शाखेचा अहवाल वाचला जावा, ही आपल्या मंडळाची चालत आलेली प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्ञातीचे जे दुःख अहवालात कधीच येत नाही, त्याविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही आज आपणांकडे मागत आहोत. एच. आय. व्ही. या विषाणूची बाधा रक्ततपासणीत आढळल्यामुळे परदेशातून परत पाठविल्या गेलेल्या आपल्या माणसांचे हे दुःख होय. विषय अवघड आहे, पण तो टाळल्याने टळणारा नाही.

एके काळी कोकणातील घर मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत असे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि आपली मुले दुबई, मस्कत, कुवेत, सौदी अरेबिया अशी पसरली. तेथील पैशाने येथे घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, भावांची शिक्षणे पार पडली. हा पैसा सर्वांच्या डोळ्यांत भरतो. मात्र तो कोणत्या अटींवर मिळतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्यांपैकी एक अट रक्ताची आहे. आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्याची तपासणी निघण्यापूर्वी येथे होते, तेथे पोचल्यावर पुन्हा होते आणि पुढे राहण्याचा परवाना वाढविताना बहुधा आणखी एकदा होते. त्यांत एच. आय. व्ही. आढळला की परवाना मिळत नाही, असलेला रद्द होतो आणि माणसास देश सोडावा लागतो. त्याच्या अंगी काम करण्याची ताकद आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. बहुतेकांस पुन्हा त्या देशात पाऊल ठेवता येत नाही.

हा कायदा केवळ आखातातच आहे असे समजू नये. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या राष्ट्रानेही १९८७ पासून एच. आय. व्ही. बाधित परदेशीयांस आपली दारे बंद केली होती. ती जानेवारी २०१० मध्ये उघडली. त्याच वर्षी चीननेही आपली बंदी उठविली. तथापि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने जी गणना प्रसिद्ध केली, तीनुसार ४८ देशांत व प्रदेशांत या ना त्या स्वरूपाचे निर्बंध होते आणि त्यांपैकी १९ ठिकाणी बाधित परदेशीयास हद्दपार करण्यात येत असे. अशा बंदीने रोगास आळा बसतो, असे वैद्यकशास्त्र मानीत नाही. उलट तिच्या भयाने माणसे तपासणी व उपचार टाळतात आणि रोग लपून वाढतो.

आमच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी आखातातील एका देशात अकरा वर्षे वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करीत होता. परवाना वाढविण्याच्या वेळी त्यास दुसऱ्यांदा रक्त देण्यास बोलाविले. काय आढळले हे कोणी नीट समजावून सांगितले नाही. काही दिवसांतच त्यास विमानात बसविण्यात आले. दोन महिन्यांचा पगार, अकरा वर्षांच्या सेवेचा मोबदला, खोलीतील सामान, सर्व मागे राहिले. गावी येऊन त्याने ‘कंपनी बंद पडली’ असे सांगितले. जिल्ह्याच्या रुग्णालयात ओळखीची माणसे नोकरीस आहेत, आपण औषधास गेलो तर बातमी फुटेल, या धास्तीने त्याने आठ महिने उपचार घेतले नाहीत. तरी बातमी फुटलीच. ‘तिकडे जाऊन काय दिवे लावले’ असे लोक पाठीमागे बोलू लागले आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा ठरलेला विवाह मोडला.

बंधूंनो, त्याची नोकरी परक्या देशाच्या कायद्याने घेतली. त्याच्या बहिणीचा विवाह मात्र कोणत्याही परक्याने मोडलेला नाही. तो येथे, आपल्यातच, आपल्याच माणसांनी मोडला. परक्या देशास आपण शहाणपण शिकवू शकत नाही. आपल्या ज्ञातीस शिकवू शकतो. म्हणून आता या रोगाविषयी चार खऱ्या गोष्टी सांगतो.

हा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम सापडला. त्या शोधाबद्दल बारे-सिनूसी व माँतान्ये या शास्त्रज्ञांस २००८ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या देशात पहिले बाधित १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेपासून मूल, एवढ्याच वाटांनी हा विषाणू जातो. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्यायल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने तो लागत नाही. तेव्हा ज्याचे रक्त बाधित निघाले त्याचे चारित्र्य बाधित निघाले, असा न्याय घरबसल्या देण्याचा अधिकार कोणासही नाही.

पूर्वी या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूचे नाव होते. आज तसे नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या शासनाने याची औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला आणि २०१७ पासून बाधा आढळताच प्रत्येकास उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. बहुतेकांस दिवसास एक गोळी पुरते; मात्र ती आयुष्यभर, एकही दिवस न चुकविता घ्यावी लागते. नऊ देशांतील १७०० हून अधिक जोडप्यांवर झालेल्या एका अभ्यासात आपले पुणेही सहभागी होते. लवकर उपचार घेणाऱ्या बाधितापासून जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्या अभ्यासातून २०११ मध्ये दिसून आले. पुढील संशोधनाने आणखी स्पष्ट केले की, औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास लागत नाही. मातेपासून मुलास होणारा संसर्गही उपचाराविना १५ ते ४५ टक्के असतो, तो योग्य उपचाराने ५ टक्क्यांच्या खाली येतो.

कायदाही आता बाधिताच्या पाठीशी आहे. १९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसास केवळ या बाधेमुळे नोकरी नाकारता येणार नाही. त्यानंतर २०१७ चा एच. आय. व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याअन्वये नोकरी, शिक्षण व औषधोपचार यांत भेदभाव करण्यास मनाई आहे, संमतीवाचून रक्ततपासणी करता येत नाही आणि बाधिताविषयी द्वेष पसरविणे हा दंडनीय अपराध आहे.

ज्यांच्यावर परदेशातून निघण्याची वेळ आली असेल, त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्यांसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. पहिल्या तपासणीवर विसंबू नये. आपल्याकडे निरनिराळ्या तीन चाचण्यांनंतरच बाधा निश्चित मानतात. शक्य तर अहवालाची प्रत मागून घ्यावी. थकलेला पगार व सेवेचा मोबदला हा आजाराने बुडत नाही. त्यासाठी विश्वासू सहकाऱ्यास लेखी अधिकार देऊन ठेवावा आणि भारतीय वकिलातीस कळवावे. अडलेल्या भारतीयांच्या साहाय्यार्थ वकिलातींकडे २००९ पासून एक कल्याणनिधी आहे. येथे उतरताच, गावी जाण्यास संकोच वाटत असेल तर मुंबईतच, सरकारी रुग्णालयातील तपासणी व समुपदेशन केंद्र गाठावे. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास विनामूल्य माहिती मिळते. पत्नीपासून ही गोष्ट लपवू नये. तिचीही तपासणी तिच्या संमतीने व्हावी. कारण लपविलेला रोग घर पोखरतो, सांगितलेल्या रोगावर इलाज होतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याने अखेर हेच केले. त्याची पत्नी निर्दोष निघाली. आज तो औषधे नियमित घेतो, तालुक्याच्या गावी त्याचे दुरुस्तीचे दुकान आहे आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरची यंत्रे तोच नीट करून जातो. बहिणीचा मोडलेला विवाह मात्र पुन्हा जुळला नाही. तिच्या अंगी कोणताही दोष नसता हा भुर्दंड तिला पडला, हे आपण विसरू नये.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. वधूवरसूचक शाखेने बाधित माणसाच्या भावंडांची स्थळे त्या कारणाने वगळू नयेत. जो स्वतः बाधित आहे त्याने विवाहापूर्वी सत्य सांगावे, आणि ते ज्यास सांगितले त्याने ते आपल्याजवळच ठेवावे, ही उभयतांची नीती असावी. मंडळाने परदेशी जाणाऱ्या तरुणांस निघण्यापूर्वी या सर्व गोष्टींची माहिती द्यावी. आणि अचानक परतलेल्या कुटुंबासाठी शिष्यवृत्ती निधीतून मुलांच्या शुल्काची तरतूद, कारण न विचारता, करावी.

दूरदेशी गेलेल्या मुलाने पैसे धाडले तेव्हा तो आपला होता. रिकाम्या हाताने परतला तेव्हाही तो आपलाच असला पाहिजे; ज्ञाती या शब्दास याहून निराळा अर्थ आम्हांस तरी दिसत नाही.