वीरांगना : एका शब्दाचे दोन इतिहास



युद्धाचा आघात घरावर झाला की मराठी भाषा त्या घरातील स्त्रीला एक नाव देते. मुलगा धारातीर्थी पडला तर ती वीरमाता, पती पडला तर वीरपत्नी. स्वतः शस्त्र हाती घेतले तर वीरांगना. महाराष्ट्राबाहेर, झाशीत राज्य करून ग्वाल्हेर येथे देह ठेवणाऱ्या राणी लक्ष्मीबाईंमुळे हा शेवटचा शब्द मराठी मनात खोल रुजला आहे. त्याला दुसरा काही अर्थ असेल, असे सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही. परंतु १९७१ च्या एकाच युद्धाने या एकाच शब्दाला दोन निराळे इतिहास दिले.

पहिला इतिहास कच्छमधला. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी बॉम्बफेकीने भूजच्या हवाई तळाची धावपट्टी निकामी झाली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. दुरुस्तीला पुरेसे हात नव्हते, तेव्हा शेजारच्या माधापर गावातील सुमारे ३०० स्त्रिया पुढे आल्या. धोक्याचा भोंगा वाजला की झुडपांचा आसरा घ्यायचा, भोंगा थांबला की पुन्हा कामाला लागायचे. नव्या कामावर त्यांनी शेणाचा थर दिला, जेणेकरून ते वरून दिसू नये. ७२ तासांत धावपट्टी सज्ज झाली. बक्षीस म्हणून मिळालेली ५० हजार रुपयांची रक्कम गावाच्या कामी लागली. माधापरला ‘वीरांगना स्मारक’ उभे राहिले ते मात्र २०१५ मध्ये.

दुसरा इतिहास बांगलादेशचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. मार्च ते डिसेंबर १९७१ या नऊ महिन्यांत पाकिस्तानी सैन्याने आणि त्याच्या स्थानिक साथीदारांनी असंख्य स्त्रियांवर अत्याचार केले. दोन लाख हा आकडा सरकारने सांगितला. त्याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १६ डिसेंबरला ढाका मुक्त झाले आणि आठवड्याच्या आत नव्या सरकारने या पीडित स्त्रियांना ‘बीरांगना’ म्हणजे वीरांगना ही उपाधी दिली. त्यामागचा हेतू उदात्त होता. ज्यांना समाज कलंकित मानेल, त्यांना राष्ट्राने आधीच गौरवावे, हा तो विचार. पुनर्वसन केंद्रे निघाली, शिवणकामासारखे शिक्षण सुरू झाले, विवाहासाठी तरुणांना आवाहन झाले. जन्मलेल्या मुलांना परदेशी कुटुंबांत दत्तक देता यावे म्हणून १९७२ मध्ये कायदाही झाला.

तथापि शब्द दिल्याने दृष्टी बदलत नाही. घरोघरी ‘वीरांगना’चे ‘वारांगना’ करून त्या स्त्रियांना हिणवले गेले. गौरवाचे नाव हीच त्यांची खूण ठरली. ढाका विद्यापीठातील बंगालीच्या प्राध्यापिका नीलिमा इब्राहिम यांनी अशा काही स्त्रियांच्या कहाण्या पुस्तकरूपाने मांडल्या, त्या १९९४ च्या सुमारास. काही स्त्रियांनी माहेरी परतण्याऐवजी युद्धकैदी झालेल्या पाकिस्तानी सैनिकांबरोबर अनोळखी देशात जाणे पत्करले, हे वास्तव त्यांनी नोंदवले. शत्रूच्या छावणीपेक्षा स्वतःचे अंगण ज्यांना अधिक कठोर वाटले, त्यांच्या स्वातंत्र्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

ज्या लढल्या, त्यांचीही गत फार निराळी नव्हती. मुक्तियुद्धातील ६७६ शौर्यपदकांपैकी केवळ दोन स्त्रियांच्या वाट्याला आली. एक कॅप्टन डॉ. सितारा बेगम, त्रिपुरातील बिश्रामगंज येथे बांबूंनी उभारलेल्या रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. दुसऱ्या तारामन बीबी. मुक्तिसैनिकांच्या तळावर स्वयंपाक करता करता, कोवळ्या वयात त्या बंदूक चालवायला शिकल्या. १९७३ मध्ये त्यांचे नाव पदकांच्या यादीत आले; त्यांचा शोध लागून पदक प्रत्यक्ष हाती पडले ते १९९५ मध्ये. बावीस वर्षे राष्ट्राला त्यांचे नाव ठाऊक होते, पत्ता नव्हता.

सहजपणे स्मरणात राहिली ती आई. मुक्तियुद्धात पुत्र गमावलेल्या जहानारा इमाम ‘शहीद जननी’ म्हणून पूजनीय झाल्या, आणि ते रास्तच होते. १९९२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने युद्धगुन्हेगारांविरुद्ध जनअदालत भरली. तिथे कुष्टिया भागातील तीन पीडित स्त्रियांना आणले गेले. त्यांची छायाचित्रे छापून आली आणि गावी परतल्यावर त्यांच्या वाट्याला अवहेलना आली. न्यायाच्या बाजूने केलेले स्मरणसुद्धा, ज्यांचे स्मरण करायचे त्यांना विचारून न केल्यास, जखम करते. याउलट शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या नावाने बोलल्या, तेव्हा त्या शब्दाला प्रतिष्ठा आली. कारण तो त्यांनी स्वतः उच्चारला होता.

पुढे २०१५ मध्ये, म्हणजे माधापरला स्मारक झाले त्याच वर्षी, बांगलादेशने चाळीसहून अधिक वीरांगनांना ‘मुक्तियोद्धा’ म्हणून मान्यता दिली. नंतर ही संख्या चारशेच्या वर गेली. त्याबरोबर इतर सैनिकांप्रमाणे भत्ता आला, हक्क आला. परंतु ४४ वर्षांत कित्येक जणी काळाच्या पडद्याआड गेल्या होत्या.

या दोन इतिहासांतून एक भेद स्पष्ट होतो. धावपट्टी बांधणे चारचौघांत सांगता येते, म्हणून राष्ट्र ते उशिरा का होईना दगडावर कोरते. जे चारचौघांत सांगता येत नाही, त्याला राष्ट्र मोठे नाव देते आणि त्या नावाआड गप्प बसते. उपाधी ही स्मृतीची सुरुवात असू शकते. तिची जागा ती घेऊ शकत नाही. खऱ्या स्मृतीसाठी ऐकणारा लागतो, आणि सांगणारीला ‘नाही’ म्हणण्याची मुभाही लागते.

पालकहो, मुले जेव्हा १९७१ चा धडा वाचतील, तेव्हा त्यात सेनापतींची नावे आणि शरणागतीची तारीख असेलच. तीही शिकायलाच हवी. त्यापुढे त्यांना एवढेच विचारू द्यावे : त्या दिवशी ज्या घरी परतल्या, त्यांच्यासाठी दार कोणी उघडले? या प्रश्नाचे उत्तर पाठ करून मिळत नाही. मात्र तो प्रश्न ज्या वर्गात मोकळेपणाने विचारता येतो, त्या वर्गातून बाहेर पडणारी पिढी अशा स्त्रीला दारातून परत पाठवणार नाही.